रिकामा ताबा

नोटीस द्यायची आणि पाच मिनिटांत परत यायचं, असं घरी सांगून निघालेले दिनकरराव दोन तास झाले तरी पारूबाईंच्या ओट्यावरच बसून होते. समोर भाजलेल्या शेंगांची परडी होती, तिच्यात गुळाचा खडा होता, आणि नोटीस अजून कोटाच्या आतल्या खिशात घडी न मोडता पडून होती.

दिनकरराव हे जिंतूरच्या बायनाबाई धर्मादाय ट्रस्टचे चिटणीस. बायनाबाई नावाच्या एका निपुत्रिक विधवेनं मरताना आपलं दोन खोल्यांचं घर गावाला दिलं होतं. घराचा किराया यावा आणि त्यातून उन्हाळ्यात पाणपोई चालावी, एवढीच तिची इच्छा. पुढे निजामाचं राज्य गेलं, हैदराबाद स्टेट मोडून जिल्हा मुंबई राज्यात आला, कचेरीतली उर्दू जाऊन मराठी आली, पण पाणपोई दर चैत्रात लागत राहिली. आता गावाच्या कडेला एस.टी.चा नवा थांबा झाला होता. तिथं सिमेंटचा पक्का हौद बांधावा असं पंचांच्या मनात आलं, आणि त्यासाठी घर विकायचं ठरलं. सेलूचे चंद्रभान नावाचे एक व्यापारी घ्यायला तयारही झाले. घर थांब्याच्या रस्त्यावर होतं आणि त्यांना तिथं पेंड-सरकीचं दुकान टाकायचं होतं. त्यांची अट एकच होती. दसऱ्याच्या आत घर रिकामं मिळालं पाहिजे.

रिकामं करायचं काम दिनकररावांकडे आलं. तहसिलीत सत्तावीस वर्षं नकलनवीस म्हणून त्यांनी दुसऱ्यांचे कागद सुवाच्य अक्षरात उतरवून काढले होते. घरं सोडायचे कितीतरी हुकूम त्यांच्या हाताखालून गेले होते, पण ते सगळे कुणीतरी कुणालातरी दिलेले. स्वतःच्या तोंडानं कुणाला 'निघा' म्हणायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

आणि म्हणायचं तरी कुणाला? त्या दोन खोल्यांत एका नवऱ्याच्या दोन बायका राहत होत्या. थोरली पारूबाई सत्तरीला टेकलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. धाकटी छबूबाई तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, काटक आणि भराभर चालणारी. नवरा वैजीनाथ जिनिंगवर कापूस तोलायचा. मूल होईना म्हणून पारूबाईनं स्वतःच ताडकळसला जाऊन छबूबाईला पसंत केलं, स्वतःच लग्न लावून आणलं. छबूबाईलाही मूल झालं नाही. पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी वैजीनाथ तापानं गेला. आता दोघींतली एक माहेरी जाणार असं सगळ्यांनी धरलं होतं. पण कुणीच गेली नाही. दोघी वाकळा शिवून पोट भरायच्या. सुई छबूबाई ओवून द्यायची, टाके पारूबाई घालायची, आणि टाक्याटाक्यागणिक दोघी भांडायच्या. गल्लीला त्या भांडणाची इतकी सवय होती की शेजारचा बन्सीधर शिंपी त्यावरून वेळ ओळखायचा.

त्या दिवशी दिनकररावांनी तीनदा घसा खाकरला, आणि तीनदा पारूबाईनं त्यांच्यापुढं शेंगा सरकवल्या. शेवटी छबूबाई घागर घेऊन पाण्याला गेली, तशी पारूबाई जवळ सरकली.

"भाऊ, मला ठावं हाय तुमी कामून आलाव," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मी आज निघते बगा. माजा सख्खा भाऊ हाय चारठाण्याला, त्यो कवाचा बोलवायलाय. पर छबूचं कसं करावं? तिची समदी जवानी ह्या घरात गेली. हितून हलवलं तर महिनाबी निघायचा न्हाई तिचा. तिच्यापायी मला जाता येत न्हाई. तिला मात्र सांगू नका हे. शपथ हाय तुमाला."

दिनकररावांनी शपथ घेतली आणि उठले. गल्लीच्या तोंडाशी छबूबाई भरली घागर डोक्यावर घेऊन उभी होती. तिनं घागर खाली ठेवली. तिचंही म्हणणं तेच होतं, फक्त उलट बाजूनं. ताडकळसला तिचा भाचा होता, चांगला होता, ती उद्या जायला तयार होती. पण अक्काला दिसत नव्हतं. ह्या घरात तिला भिंतीचा कोपरा न् कोपरा हातानं माहीत होता म्हणून ती हिंडत-फिरत होती. दुसऱ्या कुठल्याही घरात ती पहिल्याच दिवशी उंबऱ्याला अडकून पडेल. "म्हणून मी हलत न्हाई," छबूबाई म्हणाली. "अक्काला बोलू नका पर." आणि तिनंही शपथ घातली.

दोन शपथा आणि एक नोटीस घेऊन दिनकरराव ट्रस्टचे अध्यक्ष आप्पाराव यांच्याकडे गेले. आप्पाराव शंभर एकरांचे धनी. नांगरटीपासून सोयरिकीपर्यंत सगळं एका बैठकीत उरकणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना अडचणच दिसेना. दोघीही जायला तयार आहेत, एकीला दुसरीची काळजी आहे एवढंच. मग एकीचं मन दुसरीला सांगून टाकलं की दोघीही मोकळ्या. दिनकररावांनी शपथांची आठवण दिली. आप्पाराव म्हणाले की शपथ दिनकररावांना घातली आहे, ट्रस्टच्या चिटणिसाला नाही.

घरी कमलबाईंनी, म्हणजे दिनकररावांच्या पत्नीनं, हे ऐकलं आणि भाजी निवडता निवडता मान हलवली. "सांगू नका," त्या म्हणाल्या. पण का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि दिनकररावांना आप्पारावांचं गणित सुटसुटीत वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघी ओट्यावर वाकळ पसरून बसल्या असताना त्यांनी ते सांगून टाकलं. अगदी हळुवारपणे सांगितलं. एकमेकींवर त्यांचा केवढा जीव आहे, हेही त्यांनी बोलून दाखवलं. सांगून झाल्यावर त्यांनी दोघींच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि कमलबाईंनी मान का हलवली होती ते त्यांच्या ध्यानात आलं.

पारूबाईनं सुई वाकळेत टोचून ठेवली. "ही माजी कीव करायली?"

"अन् तू माजी करतीस ती?" छबूबाई म्हणाली.

रोजचं भांडण आणि हे भांडण यांत फरक होता. रोजच्या भांडणाला हातपाय नसायचे. हे भांडण थेट लग्नाच्या मांडवापर्यंत मागं गेलं आणि तिथून एकेक साल घेत पुढं आलं. कोण कुणामुळं जगली, कुणी कुणाला सांभाळलं, वैजीनाथच्या आजारपणात जागरणं कुणी केली, सगळं निघालं. बन्सीधरनं मशीन थांबवलं. दिनकरराव मध्ये उभे राहून "माझं ऐका, माझं म्हणणं तसं नव्हतं" असं म्हणत राहिले, पण त्यांचं म्हणणं काय होतं ते कुणालाच ऐकायचं नव्हतं. दिवे लागायच्या सुमाराला दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं: दुसरीवाचून आपलं काही अडत नाही. ते दाखवून द्यायला छबूबाईनं गठुडं बांधलं, आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं ती ताडकळसला निघून गेली.

आप्पाराव खूश झाले. अर्धं काम झालंच होतं. सेलूहून चंद्रभानचा मुनीम येऊन छबूबाईची रिकामी खोली फितीनं मोजून गेला. आता पारूबाई चारठाण्याला गेली की संपलं. पण पारूबाई जाईना. तिचं कारण आता बदललं होतं. छबू केव्हातरी परत येणार, आणि दाराला कुलूप पाहून म्हणणार की अक्का हारली. ते तिला नको होतं.

दिनकरराव पुन्हा नोटीस घेऊन गेले. पारूबाई ओट्यावर बसली होती. एका हातात सुई, एका हातात दोरा, आणि दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून ती त्यांची गाठ घालू पाहत होती. दोरा सुईच्या डाव्या अंगानं जात होता, मग उजव्या अंगानं. दिनकररावांनी काही न बोलता सुई घेतली आणि ओवून दिली. नोटीस खिशातच राहिली. दुसऱ्या दिवशी बाजाराला जाताना ते सहज डोकावले, तर पारूबाईनं एकाऐवजी बारा सुया काढून ठेवल्या होत्या, दिवसभराच्या.

मग ते रोजचंच झालं. चिटणीस सकाळी सातला जायचे, चष्मा पुसायचे, बारा सुया ओवायचे आणि चिंध्यांच्या गोळ्यात टोचून यायचे. त्यांचीही नजर आता पहिल्यासारखी नव्हती. बारातल्या तीन तरी हातातून सुटायच्या. बोटांवर सुया टोचल्याच्या खुणा पाहून कमलबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना सगळं सांगावं लागलं.

"म्हणजे छबूबाई गेल्या आणि त्यांच्या जागी तुम्ही लागलात," कमलबाई म्हणाल्या, आणि बोटांना लावायला हळद घेऊन आल्या.

पारूबाई मात्र ज्याला त्याला सांगत होती की आता किती बरं वाटतंय, घरात कशी शांतता आहे. वाकळेचे टाके तेवढे वाकडे जाऊ लागले होते. एका सकाळी दिनकरराव गल्लीत शिरले तर आतून भांडणाचा आवाज. छबूबाई आली वाटतं, म्हणून ते लगबगीनं गेले. घरात दुसरं कुणीच नव्हतं. पारूबाई मोकळ्या खोलीच्या दाराशी उभी राहून, तांब्या कुठं ठेवलास म्हणून तावातावानं विचारत होती.

"कुणाशी बोलता, पारूबाई?"

ती दचकली. मग पदर सारखा करत म्हणाली, "कुणाशी न्हाई. सवय मोडू नाई म्हणून आपलं."

त्या दिवशी दिनकररावांनी ठरवलं. छबूबाईला परत आणायचं. ज्या चिटणिसाला घर रिकामं करायला नेमलं, त्यानं किरायेदाराला घ्यायला जायचं, हे आप्पारावांना सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांनी दुसरंच सांगितलं. छबूबाई गेली खरी, पण घर सोडल्याच्या राजीनाम्यावर तिचा अंगठा नाही; उद्या कज्जा उभा राहिला तर काय, तेव्हा ताडकळसला जाऊन अंगठा घेऊन येतो. आप्पारावांना ही हुशारी फार आवडली. त्यांनी ती चारचौघांत बोलून दाखवली, आणि ती बन्सीधरच्या कानावर गेली.

दिनकरराव पहाटेच्या गाडीनं निघाले, परभणीला गाडी बदलली आणि दहाच्या सुमाराला ताडकळसला उतरले. छबूबाईचा भाचा मुंजाजी खरंच चांगला माणूस निघाला. त्यानं आत्याला ओसरीवरची बाज दिली होती, सकाळ-संध्याकाळ दूध होतं, कामाला हात लावू देत नव्हता. छबूबाई त्या बाजेवर हात मांडीत घेऊन बसली होती, एखाद्या कचेरीत पुकार व्हायची वाट पाहत बसावं तशी. गठुडं उशाशी होतं. येऊन तीन आठवडे झाले होते, पण त्याची गाठ सुटलेली दिसत नव्हती.

दिनकररावांना एकदम 'चला' म्हणवेना. सवयीनं त्यांनी राजीनामा काढला, शाईची डबी उघडली आणि कागदात काय लिहिलंय ते सांगितलं. छबूबाईनं निमूट अंगठा शाईत टेकवला, कागदावर नेला, आणि तसाच वर धरला.

"भाऊ, अक्काची सुई कोण ओवायलंय?"

"मीच," दिनकरराव म्हणाले.

छबूबाईनं त्यांच्या जाड भिंगांकडे पाहिलं. मग त्यांच्या बोटांकडे पाहिलं. "तुमाला तर निट दिसत न्हाई," ती म्हणाली. तिनं अंगठा लुगड्याच्या काठाला पुसला आणि उठली. "मुंजाजी, मला मोटारीवर घाल बाबा."

मुंजाजी गालातल्या गालात हसला. "आत्या, गठुडं सोडलं न्हाई तवाच मला कळलं व्हतं," तो म्हणाला, आणि गठुडं त्यानंच उचललं.

गाडीत छबूबाईनं दिनकररावांना पढवून ठेवलं. आपण राहायला आलो असं म्हणायचं नाही. जेवायची पितळी विसरली होती, ती न्यायला आली, असं सांगायचं. मग एखादा दिवस राहील, मग बघू. दिनकररावांनी सगळ्याला मान डोलावली. खूप दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं. परभणीच्या स्टँडवर त्यांनी तिला चहा पाजला. शेजारी ताडकळसवरून पूर्णेकडे जाणारी गाडी भरत होती. तिच्याकडे पाहायचं दोघांनाही कारण नव्हतं.

जिंतूरला पोचायला चार वाजले. गल्लीच्या तोंडाशी एक ट्रक उभा होता. घरासमोर आप्पाराव होते आणि त्यांच्या शेजारी एक उंच, रुंद, पांढरा फेटा बांधलेला माणूस उभा होता. घराच्या दाराला बाहेरून कुलूप होतं.

आप्पारावांनी पुढं येऊन चिटणिसांच्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या कामाची अशी तारीफ आप्पारावांनी कधी केली नव्हती. हे सेलूचे चंद्रभान. योगायोगानं आजच आले, आणि पाहतो तर घर रिकामं. थोरली बाईही गेली. किल्ली बन्सीधरकडे आहे, ती घ्यायची आणि चंद्रभाननं आणलेलं नवं कुलूप लावून टाकायचं.

बन्सीधर दुकानातून खाली उतरला आणि त्यानं चाचरत सांगितलं. दहाच्या सुमाराला बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं होतं, की दिनकरराव छबूबाईचा अंगठा घ्यायला ताडकळसला गेलेत. पारूबाई ताडकन उठली. ती येडी आहे, म्हणाली, कुणीही सांगितलं की अंगठा लावते. मी जाऊन हात धरते तिचा. दाराला कुलूप घातलं, किल्ली बन्सीधरच्या हातात दिली आणि अकराच्या गाडीत जाऊन बसली. जन्मात कधी मोटारीत न बसलेली बाई.

तोवर छबूबाई गल्लीतून मागून येत होती. तिला हे ऐकू आलं नव्हतं. आप्पारावांनी बन्सीधरकडून किल्ली घेऊन दिनकररावांच्या हातात ठेवली आणि कुलूप काढायला सांगितलं.

किल्ली लहानशी होती. दिनकररावांनी ती पाहिली, आप्पारावांकडे पाहिलं, आणि मागं वळून ती छबूबाईच्या हातात दिली.

"किल्ली किरायेदाराची असते, आप्पाराव," ते म्हणाले. सत्तावीस वर्षांत त्यांनी एखादं वाक्य कुठून उतरवून न घेता बोललेलं हे पहिलंच असेल.

"मग घर रिकामं नाही?" चंद्रभाननं विचारलं.

"नाही. एक बाई ही आहे. दुसरी हिलाच आणायला गेली आहे."

छबूबाईला तेव्हा कळलं. तिनं गठुडं ओट्यावर ठेवलं आणि किल्ली पदराला बांधली. मग कुलूप न उघडताच ती वळली आणि गल्लीतून चालू लागली.

"कुठं निघालात?" दिनकरराव मागं धावले.

"परभणीला. तिला दिसत न्हाई. गाडी बदलायची तिला ठावं न्हाई."

"आता गाडी नाही. मी उद्या पहिल्या गाडीनं जातो."

"मग मी चालत जाते," छबूबाई म्हणाली, आणि खरंच चालत राहिली.

चंद्रभान इतका वेळ नुसता ऐकत होता. त्यानं दिनकररावांना थांबवून पहिल्यापासून काय झालं ते विचारलं, आणि दिनकररावांनी नोटिशीपासून सुयांपर्यंत सगळं सांगितलं. आप्पाराव मधून मधून, हे सांगायची गरज नाही, असं सुचवत होते. ऐकून झाल्यावर चंद्रभाननं ड्रायव्हरला हाक मारली.

"त्या बाईंना परत आणून घरात बसवा," तो दिनकररावांना म्हणाला. "तुम्हीही इथंच थांबा. तुम्ही गेलात तर ही तुमच्या मागं येईल, तोवर ती दुसरी तिकडून निघेल, आणि मी कुलूप हातात घेऊन दिवाळीपर्यंत इथं उभा राहीन. मी घेऊन येतो."

ट्रक गेला. आप्पारावही गेले, दिनकररावांशी न बोलता. रात्रभर छबूबाई दारात बसून होती, असं बन्सीधरनं सकाळी सांगितलं. दिनकररावांनी तिला डबा आणून दिला होता. तो तिनं उघडला नव्हता. त्यांनाही झोप लागली नव्हती. चिटणिसपण गेल्यातच जमा होतं, पण त्यांना एकच दिसत होतं: परभणीच्या स्टँडवर भरत असलेली ती शेजारची गाडी.

सकाळी नऊला ट्रक गल्लीत शिरला. ड्रायव्हरच्या शेजारी, वर, पारूबाई बसली होती. ती धड ताडकळसला पोचली होती. मुंजाजीच्या घरी छबू नाही असं कळल्यावर तिनं पाण्यालाही हात लावला नव्हता, आणि मग सांजेला कुणीतरी दिनकररावांचं नाव सांगत न्यायला आलं होतं. रात्र मुंजाजीच्या ओसरीवर काढून ते पहाटे निघाले होते. चंद्रभाननं तिला हात धरून खाली उतरवलं. पारूबाईनं हाताच्या अंदाजानं दिनकररावांना ओळखलं.

"भाऊ, ह्यो माणूस कोण हाय मला ठावं न्हाई, पर लय भला हाय," ती म्हणाली. "कालपासून माज्यासंगं हाय. असल्या माणसानं घर मागितलं असतं ना, तर मी हासत दिलं असतं. त्या सेलूच्या सरकीवाल्याचं मातुर वाटोळं व्हईल बगा. त्याच्या सरकीत किडे पडतेल."

दारातून छबूबाई म्हणाली, "अक्का, हेच ते सेलूचे."

पारूबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. ती म्हणाली, "मग उभी कामून हायस? त्यास्नी च्या टाक."

छबूबाई चहा टाकायला गेली नाही. ती ओट्यावरून उतरली आणि अक्काच्या समोर येऊन उभी राहिली.

"कामून गेलतीस?"

"तुला धराया. अंगठा लावलास का?"

"न्हाई."

पारूबाईनं तिचा हात ओढून अगदी डोळ्यांजवळ नेला. "मग ही शाई कशाची?"

"लावून बगितली," छबूबाई म्हणाली.

तेवढ्यावर भांडण पुन्हा सुरू झालं. बन्सीधर दुकानात जाऊन मशीन चालवू लागला. दिनकरराव आणि चंद्रभान ओट्यावर बसून राहिले. चहा यायला बराच वेळ लागला, आणि आला तेव्हा दोन चुलींवरून दोन वेगवेगळे कप आले.

दसऱ्याच्या आधी चार दिवस सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत खरेदीखत झालं. ठरलेली किंमत चंद्रभाननं बदलली नाही, आणि त्यामुळं आप्पारावांचा राग बराचसा उतरला; हौदाचं काम सुरू करायला त्यांनी गवंडीही पाहून ठेवला होता. खत दिनकररावांनीच लिहिलं होतं, त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात. कारकुनानं ते वाचत 'सदर घराचा रिकामा ताबा आज रोजी देण्यात आला' इथवर आणलं, तेव्हा चंद्रभाननं त्याला थांबवलं.

"त्यातला 'रिकामा' काढा," तो म्हणाला.

कारकुनानं विचारलं की मग घरात कुणी आहे का. दोन बाया आहेत, चंद्रभान म्हणाला, आणि त्या राहणार आहेत. दुकानाला पुढचं अंगण पुरतं, त्यावर पत्रे टाकले की झालं. दिनकररावांनी टाक घेतला आणि तो शब्द खोडला. नकलनविसीच्या सगळ्या काळात त्यांच्या हातच्या कागदावर एक खोडही पडली नव्हती. ही त्यांनी अगदी सरळ, सावकाश मारली, आणि समासात त्यांनी आणि चंद्रभाननं सह्या केल्या.

बाहेर लिंबाच्या सावलीत ट्रक उभा होता. चंद्रभान वर चढून बसला, तेव्हा दिनकररावांनी, विचारू की नको असं करत, विचारलंच. व्यापारी माणूस, दुकानासाठी घर घेतलं, आणि त्या दोघींना आत राहू दिलं. का?

चंद्रभाननं फेटा काढून गुडघ्यावर ठेवला. तो त्याचा पीळ बोटांनी सारखा करू लागला.

"चाळीस मैल ती बाई मला शिव्या देत होती, दिनकरराव," तो म्हणाला. "मला, माझ्या दुकानाला, माझ्या सात पिढ्यांना. मी गप ऐकत होतो. आणि दर पाच-दहा मैलांनी मधेच थांबून विचारत होती, बाबा, कवाचा फिरायलास माज्यापायी, काई खाल्लंस का न्हाई."

मग त्यानं फेटा डोक्यावर चढवला आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.